नणंदबाईंचं ऑफिस

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात स्वतःच्या रजेचा अर्ज स्वतःच नामंजूर करणारी बाई एकच झाली, आणि ती माझी धाकटी नणंद. मामेबहिणीच्या लग्नाला ढाणकीला जायचं म्हणून तिने कर्मचारी या नात्याने दोन दिवसांची रजा मागितली आणि साहेब या नात्याने, कामाचा भार पाहून, एकाच दिवसाची मंजूर केली. कर्मचारी हळदीला मुकली. पुढे आठवडाभर ती साहेबावर अशी धुसफुसत होती की घरात नेमकी कोणाची बाजू घ्यावी ते आम्हाला कळेना. ती वेबसाइट बनवायची. कुठल्या कंपनीत नाही, स्वतःच्या जिवावर, दारव्हा रोडवरच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून. याला फ्रीलान्सिंग म्हणतात हे एव्हाना सासूबाईंनाही पाठ झालं होतं. माझे सासरे आयुष्यभर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी मात्र तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. ज्या कामाला गणवेश नाही आणि हजेरी नाही ते काम कसलं, असं त्यांचं साधं म्हणणं.

हजेरीचं म्हणाल तर ती फार कडक होती. सकाळी दहाला ती डबा भरून घ्यायची, सँडल चढवून फाटकाबाहेर पडायची, गल्लीला एक चक्कर मारून परत घरात यायची आणि मागच्या खोलीत शिरायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पोरांना शिकवते. आमच्याकडे ती रोज चालून दाखवली जायची. एकदा आत गेली की ती घरात नसे. सासूबाईंनी कोथिंबीर निवडायला हाक मारली तर आतून शांत उत्तर यायचं, "आई, मी ऑफिसात आहो." सासूबाई बिचाऱ्या जुडी घेऊन परत. संध्याकाळी पुन्हा तशीच चक्कर मारून ती घरी यायची, टेकून बसायची आणि पाणी मागायची, आणि मी खऱ्या शाळेतून खरी दमून आलेली असूनही ते नेऊन द्यायची. शेजारच्या काकू तर कधीकधी तिला मनापासून विचारायच्या, की आज लवकर सुटलीस का.

पण या विक्षिप्तपणाला मी हसले तरी तिच्या कामाला कधी हसले नाही. कोणाची वेबसाइट करायची म्हणजे आधी त्याच्या दुकानात अख्खा दिवस बसायचं, हा तिचा नेम. बोलायचं नाही, नुसतं पाहायचं. दाताच्या डॉक्टरांकडे बसली तेव्हा गालाला हात लावलेल्या पेशंटांमध्ये ती अशी मिसळून गेली की कंपाउंडरने तिला थेट खुर्चीवर नेऊन बसवलं. त्या डॉक्टरांच्या वेबसाइटवर तिने एकाही दाताचा फोटो टाकला नाही. ज्याचा दात दुखतो त्याला पुन्हा दात कशाला दाखवायचा, असं तिने त्यांनाच विचारलं. मंडप-डेकोरेशनवाल्या काकांना पहिल्या पानावर झुंबर हवं होतं, गुलाबी पडदे हवे होते आणि स्वतःचा गॉगलमधला फोटो हवा होता. त्यांच्या गोदामात दिवसभर बसल्यावर हिच्या लक्षात आलं की झुंबराचं कोणी विचारतच नाही. येणारा प्रत्येक मुलीचा बाप आधी विचारतो, की वारा-पाऊस आला तर काय. तिने पानावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वारा-पाऊस आला तर काळजी आमची.' गॉगल गेला म्हणून काका रुसले. लग्नसराईत फोन उचलून उचलून थकले तेव्हा रुसवा गेला, आणि त्यानंतर गोदामाच्या दाराला कोणता रंग द्यावा हेही ते हिलाच विचारू लागले.

तरी पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. पाहुणे आले, मुलगी काय करते असं विचारलं, की सासरे खिडकीबाहेर पाहत सांगायचे, "कॉम्प्युटरचं काहीतरी करते. घरीच राह्यते." ते 'घरीच' तिला आत खोलीत ऐकू जायचं. त्या दिवशी तिचा डबा तसाच परत यायचा. अशात पुण्याच्या एका मोठ्या एजन्सीने तिचं काम पाहून तिला नोकरी देऊ केली. सासऱ्यांनी त्याच दिवशी पेढे आणले. एजन्सीची अट एकच होती: बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही. म्हणजे डॉक्टर, काका, ही सगळी तिने जोडलेली माणसं सोडायची. दोन दिवसांनी तिने एजन्सीला कळवलं की आधी तुमच्या ऑफिसात एक दिवस बसून पाहीन, मग हो किंवा नाही सांगेन. त्या लोकांना गंमत वाटली असावी, कारण त्यांनी चक्क होकार दिला.

सोबतीला मी गेले. ती आत बसली, मी बाहेरच्या सोफ्यावर. तिथली मुलं ज्यांच्या वेबसाइट करत होती त्यांचं दुकान एकानेही पाहिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस वेगळा आणि काम करणारा वेगळा. हे माझ्या कानावर आलं तेव्हाच मी ओळखलं, की आता ही नाही म्हणणार. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दुपारनंतर ती बाहेर आली तर डोळे लाल. कोणी अपमान केला की काय, म्हणून मी पदर खोचायच्या बेतात होते, पण तिने मला हाताला धरून बाहेर आणलं. गाडी सुटल्यावर तिने सांगितलं. तिथल्या एका मुलीने हिची मंडपवाल्या काकांची वेबसाइट उघडून पाहिली आणि म्हणाली, की वाक्य फार सुंदर आहे, पण फोन नंबरचे आकडे इतके बारीक आहेत की उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते दिसणारच नाहीत.

"वहिनी, आपल्या इकडे सारे म्हणतात, लय छान केलं," ती म्हणाली. "त्या छानच्या भरवशावर मी काय शिकू? आज पयल्यांदा कोनं तरी मले माही चूक दाखवली." मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "पण आपले लोक सुटतीन. थे जिवाले लागून राह्यलं." चूक दाखवली म्हणून आनंदाने रडणारी माणसं मी शाळेत इतक्या वर्षांत पाहिली नाहीत, आणि ही माझ्या घरातली आहे याचा मला फार अभिमान वाटला.

ती पुण्याला गेली. जाण्याआधी एकेकाच्या दुकानात जाऊन निरोप घेतला, कामं नागपूरच्या ओळखीच्या एका मुलाकडे सोपवली, आणि काकांच्या पानावरचा तो नंबर तेवढा ठळक करून गेली. बसस्टँडवर सासऱ्यांना त्यांचे जुने सोबती भेटले. पोरगी कुठे निघाली म्हणून त्यांनी विचारलं. मला वाटलं, हे आता नोकरीचं कौतुक सांगतील. सासरे म्हणाले, "सोताची कंपनी होती तिची. थे बंद करून पुण्याले चालली." ती बसची पायरी चढत होती, तिथेच थबकली.

परवा मंडपवाल्या काकांचा मला फोन आला. गोदाम नव्या जागेत गेलं होतं, तो पत्ता वेबसाइटवर टाकायचा होता आणि नागपूरच्या मुलाला काही केल्या ते जमत नव्हतं. मी म्हटलं, तिलाच सांगते, ती कशी नाही म्हणेल. काकांनी मला घाईने अडवलं.

"राहू द्या, ताई. तिची नोकरी नवी आहे," ते म्हणाले. "तिले एवढंच सांगा, काकाचं सारं बराबर चालू आहे."

संध्याकाळी मी तिला तेवढंच सांगितलं. ती बरं झालं म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ फोन ठेवेना.