दाजींची लाकडी बस

आमचे दाजी बस बांधतात, पण त्यांच्या बसमध्ये बसून आजवर कुणीही कुठे पोचलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, बसच्या कारखान्यातले सुतार. नवी बस काढायची ठरली की लोखंडाला हात लावण्याआधी तिथे ती अख्खी प्लायवूडची करून बघतात. दारं, दांडे, सीटा, घंटीचं बटण, सगळं खऱ्या मापाचं. मग जाडे, बारके, उंच, ठेंगणे असे लोक गोळा करून त्यांना आत चढवतात, बसवतात, एकमेकांवर धडकवतात. सगळ्यांचं अडखळून झालं की लाकडी बस मोडायची आणि खरी बांधायची. मोडलेलं प्लायवूड दाजी विचारून घरी आणतात. ताईच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर आतून 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं आहे, ते त्यामुळेच.

मध्यंतरी कारखान्यानं बिनपायरीची बस काढायचं ठरवलं आणि दाजींनी आम्हाला जेवताना छळायला सुरुवात केली. चमचे आणि वाट्या मांडून ते बस समजावत. फूटपाथवरून पाऊल टाकलं की थेट आत, पायऱ्यांची भानगडच नाही. पण पायऱ्या काढल्या म्हणून बसचं पोट थोडंच नाहीसं होतं? यंत्रं मागे नाहीतर टपावर न्यावी लागतात, आणि चाकं तर सरळ आत घुसतात, म्हणून त्यांच्यावर खोकी बांधून वर सीटा बसवायच्या. शिवाय या बसचे प्रकार तीन. एक या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. दुसरी निम्मी सपाट, मागे पायऱ्या आणि त्यांच्याखाली इंजिन. तिसरी म्हणजे दोन बस एकमेकींना जोडून मध्ये पेटीच्या भात्यासारखा दुमडणारा भाग. कारखान्यात त्यांना थाळी, पायरी आणि जोडपं म्हणतात. दाजींचा जीव थाळीवर, आणि त्याचं कारण ताई.

मणक्याच्या दुखण्यात ताईचे पाय गेले तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. एकदा जुन्या बसमध्ये दोन अनोळखी माणसांनी तिला खुर्चीसकट उचलून वर घेतलं. माणसं भलीच होती, पण "तुमच्या बाजूनं जरा तिरकं करा" असं एकमेकांना सांगत होती, आणि सगळी बस बघत होती. मला कपाटासारखं चढवलं, असं घरी येऊन ताई म्हणाली, आणि त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलीच नाही. आम्ही दोघांनी समजावून, भांडून, अबोला धरून पाहिलं. ती आमच्यापेक्षा हट्टी आहे.

कारखाना त्यांच्याच गल्लीच्या टोकाला. खुर्चीतून चढून बघायला कुणीतरी हवं आहे, असं दाजींनी भीत भीत सुचवलं. मला नमुना म्हणून नेताय का, असं ताईनं विचारलं, पण आली. दाराशी रॅम्प लावला होता. ताई एका दमात वर गेली, आपल्या जागी जाऊन थाटात बसली आणि तिनं घंटीचं बटण दाबलं. लाकडी बटण कसलं वाजतंय! दाजींनीच तोंडानं "टिंग" केलं आणि ताई खो खो हसली. ते हसणं मी किती दिवसांनी ऐकलं. मग बाईसाहेबांनी पिशवी अडकवायला हूक आणि खिडकीला पडदा मागितला. आराखडे काढणाऱ्या मुलीनं हूक लिहून घेतला आणि पडदा हसून नाकारला. या मुलीच्या हातात कायम मापाची टेप असते, म्हणून तिला टेपबाई म्हणतात.

ती टेप तिनं सहज रॅम्पवर धरली आणि दाजींचे कान लाल झाले. रॅम्प आराखड्यापेक्षा चांगला वीतभर लांब होता. चढ सोपा व्हावा म्हणून दाजींनी गुपचूप वाढवला होता. टेपबाई रागावली नाही. खरा रॅम्प दाराशीच दुमडून बसतो, तिथे एवढा लांब मावणार नाही, एवढंच तिनं सांगितलं.

रागावली ती ताई. "खरी बस आली असती आणि मी सगळ्यांसमोर मध्येच अडकले असते," ती म्हणाली. "तेव्हा काय केलं असतंत?"

दाजींनी मुकाट्यानं खऱ्या मापाचा रॅम्प लावला. ताई निम्म्यापर्यंत गेली आणि खुर्ची मागे आली. दाजी ढकलायला पुढे झाले, तर तिनं असं पाहिलं की त्यांनी हात खिशात घातले. मला घरी न्या, असं ती हळूच म्हणाली. मला वाटलं, संपलं सगळं. आता ही कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जायची नाही.

तेवढ्यात टेपबाईनं दाजींना विचारलं, बस वाकवली होतीत ना? वाकवली म्हणजे, असं दाजींनी विचारलं. खरी बस हवेच्या फुग्यांवर उभी असते. थांब्यावर हवा सोडून ती फूटपाथच्या बाजूला वाकते, आणि रॅम्पचा हिशोब त्या वाकलेल्या बसचा असतो. आराखड्याच्या कोपऱ्यात तसं लिहिलंही होतं. आमचे दाजी चोरून रॅम्प वाढवण्यात इतके गुंग, की वाचणार कधी? त्यांची बस ठोकळ्यांवर ताठ उभी होती. म्हणजे लबाडीची गरजच नव्हती! मग कारखान्यातल्या चौघांनी दाराकडून बस जराशी उचलून धरली, दाजींनी तिथले ठोकळे करवतीनं कापले, आणि खाली पडलेलं काही शोधावं तशी बस कुरकुरत वाकली.

ताई पुन्हा निघाली. सोपं नव्हतंच. मध्ये थांबली, ओठ चावला, आणि चढली. या वेळी दाजी टिंग करायचं विसरले.

यथावकाश खरी थाळी रस्त्यावर आली. पहिल्या दिवशी दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बागेत जाऊन परत यायचा बेतही परस्पर आखला होता. बस आली, सुस्कारा टाकून वाकली, ड्रायव्हरनं उतरून रॅम्प उघडला. ताई आपली आपण वर गेली. दाजींनी मागोमाग एक पाय आत टाकला.

"तुम्ही नका येऊ," ताई म्हणाली. दाजींना थट्टा वाटली. "अहो, खरंच. मला एकटीला जायचंय."

कुठे, असं दाजींनी विचारलं. ते अजून ठरवलेलं नाही, असं ती म्हणाली. दाजींनी पाय बाहेर घेतला. दार लागलं, बस ताठ झाली आणि गेली. ताईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दाजी आधी पुटपुटले, की छत्री राहिली, पाण्याची बाटली राहिली. मग थांब्यावरच्या बाकावर बसले आणि चारचौघांत चक्क रडायला लागले. मलाही राहवेना. शेजारच्या एका बाईंनी काळजीनं विचारलं, काय झालं?

"बायको गेली," दाजी म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार तेवढ्यात दाजींनी डोळे पुसले.

"तशी नव्हे हो. बसनं गेली. एकटी गेली."