फळा पुसणारी

सरांनी डस्टर माझ्याकडं फेकलं. ते छातीवर आपटून खाली पडलं, कुर्त्यावर काळा डाग उमटला.

“तू फळा पूस. डिझाइन आम्ही काढतो.” मग बाकीच्यांकडं बघत म्हणाले, “कोट्यातनं आलेल्यांनी आता आम्हाला सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर शिकवायचं का?”

सगळे हसले. मी वाकले, डस्टर उचललं, आणि फळा पुसला. हो, पुसला. खोटं कशाला सांगू?

सोलापुरातलं आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. सर आमचे टीम लीड, त्यांच्यावर फक्त मालक. अकलूजकडच्या एका डेअरीसाठी ॲप बनवत होतो. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर पहाटे दूध घालायला माणसं येतात, त्यांची नोंद त्यात व्हायची. पहाटेच्या एसटीनं केंद्र बघायला जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला पाठवलं. तिथला कारकून रांग लागायच्या आधी कपाटातनं रजिस्टर एकदाच काढून पुढ्यात ठेवायचा. मी परत येऊन एवढंच बोलले होते, “सर, आपलं ॲप यादीतल्या एकेका नावासाठी सर्व्हरकडं वेगळी फेरी मारतंय. दोनशे माणसं, दोनशे फेऱ्या. आणि सगळी केंद्रं एकाच वेळी उघडतात. यादी एकदाच आणून ठेवूया.”

त्यावर डस्टर आलं. ऑफिसातल्या चाचणीला पाचच नावं होती. पाच नावांना ॲप धावतच होतं.

त्या दिवसापासून फळा पुसणं माझ्याकडं लागलं. मीटिंग संपली की सर नुसतं बोट दाखवायचे. माझी आई एका शाळेत झाडलोट करायची, वर्गावर्गातले फळे पुसायची. संध्याकाळी तिच्या केसांत खडूची भुकटी असायची. “तू लिव्हणारी हो बाय, पुसणारी नगं,” म्हणायची. मी इंजिनिअर झाले आणि फळाच पुसत होते. घरी सांगायची लाज वाटायची. लाजेपेक्षा भीती मोठी. सर केबिनमधनं बाहेर आले तरी मी स्क्रीनमध्ये डोकं खुपसायचे.

ॲप सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी दुपारी डेअरीचे एक वयस्कर संचालक ऑफिसात येऊन थडकले. टोपी हातात, तोंड लाल.

“सा वाजल्यापास्नं नुसतं गोल फिरतंय! कॅन उन्हात, मानसं रांगंत. दूध नासलं की!”

मालक उठून उभे राहिले. सरांनी माझ्याकडं बोट केलं. “यादीची स्क्रीन हिनं केलीय. नवीन आहे. आजच काढतो हिला.” मग मला, “काकांना सॉरी म्हण. आणि फळा पूस, नवीन डिझाइन काढतो.”

फळ्यावर जुनंच डिझाइन होतं; ॲप सुरू होईपर्यंत तेवढं पुसायचं नाही, असं सरांनीच सांगितलं होतं. सरांचं अक्षर, सरांचे बाण, एकेका नावासाठी सर्व्हरकडं जाणारे. कागदावर, मेलवर कुठंच नव्हतं. तो फळा पुसला की दोष माझ्या एकटीचा. हे मला कळलं. डस्टर हातात होतं. ऑफिसात मी शब्द तोलून मापून बोलायचे, ते सगळं त्या भीतीत गळून गेलं.

“पुसणार न्हाय,” मी म्हणाले.

“काय?”

“पुसणार न्हाय. स्क्रीन मीच लिव्हली. पर एकेका नावासाठी फेरी मारायची, हे हितं सरांनी काढलंय. मी नगं म्हनलं हुतं.”

काका फळ्याजवळ गेले. “म्हंजी आमच्या कारकुनानं दर मानसामागं कपाटाकडं जायाचं? आन् रांग तशीच?”

“व्हय.”

या वेळी कुणी हसलं नाही. मालक एवढंच म्हणाले, “काढायचं मागनं बघू. आधी हे चालू करा.”

संध्याकाळपर्यंत बसून मीच ते बदललं. दुसऱ्या सकाळी सगळ्या केंद्रांवर यादी झटक्यात उघडली. अकरा वाजता मीटिंग. फळ्यावर माझंच डिझाइन, सरांच्या अक्षरात. मालक सरांची पाठ थोपटत होते. चोर तो चोर, वर शिरजोर. सरांनी फळ्यावरनं डस्टर उचललं आणि माझ्यापुढं धरलं. “मीटिंग झाली. पूस.”

मी ते घेतलं. चालत गेले आणि डस्टर सरांच्या टेबलावर, त्यांच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. “हे डिझाइन माझं आहे,” म्हणाले, आणि मार्करनं फळ्यावर खाली माझं नाव लिहिलं. आडनावासकट.

आता काढतील कदाचित. हे लिहितानाही भीती आहे. असू दे. ते नाव ज्याला पुसायचंय त्यानं स्वतःच्या हातानं पुसावं, सगळ्यांदेखत. मी समोर उभी राहून बघणार आहे.