भेगांमधले सोने

नांदुऱ्याच्या ठाण्यात आलेली ती फिर्याद अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि मी तेथे फौजदार होतो. फिर्यादी शाळेत चित्रकला शिकवीत. माती, शेण आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांपासून त्यांनी एका शेतकरी स्त्रीचा पुतळा घडवला होता. वाळताना त्याला भेगा पडल्या. त्या न बुजवता पत्नीच्या गळ्यातली एकदाणी आटवून काढलेली बारीक सोन्याची तार त्यांनी त्या भेगांत बसवली. पुतळा मुंबईच्या प्रदर्शनात जायचा होता. परगावाहून परतल्यावर पाहतात तो, पुतळा गुळगुळीत, तार दिसेना. कोणी तरी ती उपसून वर माती भरली, अशी त्यांची खात्री झाली. पुरावा म्हणून त्यांनी पुतळ्याला हात लावला नाही.

संशय दसऱ्याचे सारवण करून गेलेल्या मजूर बाईवर होता. तिचा नवरा सोनाराकडे दिसल्याची खबरही आली. मी सोनाराकडे चौकशी केली. तुटलेले जोडवे सांधून नेण्यापलीकडे तेथे काही घडले नव्हते. तरीही मास्तर अटकेसाठी अडून बसले. अटक झाली असती, तर त्या बाईला गावात पुन्हा कोणी उंबऱ्याच्या आत घेतले नसते.

तिला सासूसह ठाण्यात बोलावले. सोन्याविषयी तिचे एकच उत्तर होते : "मले नाई मालूम, साहेब."

मग सारवणाच्या दिवशी केलेली कामे मी तिला क्रमाने सांगायला लावली.

"चूल सारवली. भिती सारवल्या. मंग त्या मातीच्या बाईले लिपलं."

"तिला का?"

"काऊन म्हंजे? सणासुदीले फुटक्या तोंडाची बाई घरात ठेवतेत का?"

"भेगांत तार होती?"

"होती ना, पिवळी. भेग फाकू नाई म्हणून मास्तरनं पितळीची तार घातली असन, म्हटलं. तिच्यावरूनच लिपलं."

सासू कडाडली, "हे आधी काऊन नाई सांगितलं व?"

"लिपल्याचं कोनं इचारलं? सारे सोनंच इचारून राह्यले."

तिला सोबत घेऊन मास्तरांच्या घरी पंचांसमक्ष पंचनामा केला. मास्तरांनी ओल्या फडक्याने हनुवटीवरची माती हलकेच पुसली. तार जागच्या जागी होती. त्यांच्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला.

"मास्तर," ती बाई म्हणाली, "पुढच्या साली आधीच सांगून ठेवा, काय लिपाचं अन काय नाई."

मास्तर त्या दिवसात प्रथमच हसले.

हरवलेल्या वस्तूविषयी विचारले की माणूस घाबरतो. केलेल्या कामाविषयी विचारले की तो मोकळेपणाने बोलतो. नव्या शिपायांना मी पुढे हेच शिकवले. चोर सापडल्याचे समाधान मी अनेकदा अनुभवले आहे. चोरीच झाली नव्हती हे कळले, त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन पोटभर जेवलो.