विदाउट इश्यू

आमच्या भाषांतर कचेरीत त्यांना सगळे अर्थमंत्री म्हणत. तिजोरीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. शब्दांच्या अर्थांवरून ते भांडत, म्हणून हे नाव पडलं. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करायची. अकरा वर्षं मी तो माणूस सोसला, हे इथे नोंदवून ठेवते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी पोळल्याचं ऐकिवात नव्हतं, तरी हे पाणीसुद्धा फुंकून पीत. खोडरबरावर खूण करून ठेवत आणि संध्याकाळी माझ्याकडे बघत ती तपासत. पण माणसांपेक्षाही जास्त संशय त्यांना शब्दांचा. एका अर्थाचा शब्द म्हणजे सभ्य गृहस्थ. पाच अर्थांचा म्हणजे पाच घरी पाच नावं सांगणारा भामटा. काळ्या यादीत पहिला नंबर ‘इश्यू’चा. मासिकाचा इश्यू म्हणजे अंक. पत्र इश्यू होतं तेव्हा ते कचेरीतून निघतं, ग्रंथालयात पुस्तक इश्यू होतं तेव्हा ते आपल्याला मिळतं. सभेतला इश्यू हा मुद्दा, घरातला इश्यू म्हणजे भांडण. मी एकदा सहज ‘काही इश्यू नाही’ म्हणाले, तर यांनी विचारलं, नेमका कुठला नाही? मी कपाळावर हात मारून घेतला.

एका दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. गळ्यात अजून टेप, हातात दोन कागद. एक तिच्या काकांचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र, दुसरा त्याचं मराठी भाषांतर, काकांनीच टाइप करून आणलेलं. भाषांतर बरोबर असल्याचा आमचा शिक्का तिला हवा होता. मग ती इंग्रजी कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार होती. वडील महिन्यापूर्वी वारले होते आणि घर त्यांच्या नावावर होतं. काका खाली गाडीत थांबले होते.

अर्थमंत्र्यांना आधी तिचाच संशय आला. काका वर का येत नाहीत, भाषांतर आयतं का आणलं, असं त्यांनी उलटसुलट विचारलं. बिचारीला घाम फुटला. मला त्यांचा भयंकर राग आला. दुःखातल्या माणसाची कुणी अशी उलटतपासणी घेतं का? शेवटी कंटाळून ती म्हणाली, सहीला काही वेळ लागणार नाही, काकांनी नुसतं पहिलं नाव लिहायला सांगितलंय.

“पूर्ण नाव का नको?”

पूर्ण नावात बापाचं नाव येतं, एवढं मलाही कळलं. अर्थमंत्र्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजी कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत ते खाली आले. एका ओळीवर बोट थांबलं. भाऊ ‘विदाउट इश्यू’ वारला, असं तिथे होतं. भाषांतरात लिहिलं होतं, ‘कोणतीही अडचण मागे न ठेवता वारला.’

“कायद्याच्या कागदात इश्यू म्हणजे अपत्य,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “तुमच्या वडिलांना मूलबाळ नव्हतं, असं लिहिलंय यात. आणि साक्षीदार तुम्ही.”

ती रडेल असं वाटलं. तिने दोन्ही ओळी पुन्हा वाचायला सांगितल्या. त्यांनी वाचल्या.

“म्हणजे काकांनी चुकीचं नाही लिहिलं,” ती म्हणाली. “त्यांची अडचण मीच ना.”

तिने अर्थमंत्र्यांच्या टेबलावरचं पेन उचललं. साक्षीदाराची जागा कोरी ठेवून, ‘विदाउट इश्यू’च्या बरोब्बर वर, तिने आपलं नाव, बापाचं नाव आणि आडनाव सावकाश लिहिलं. मग तो कागद काकांना दाखवायला ती जिना उतरली.