नववीची भूमिती

शाळेत त्यांना सगळे काटकोन सर म्हणत. अर्थात पाठीमागे. एकदा नवीन आलेल्या शिपायाने भोळेपणाने तोंडावरच तसं म्हटलं, तेव्हा सर रागावले नाहीत. "नव्वद अंशांत वाईट काय आहे?" एवढंच म्हणाले आणि वर्गावर गेले.

सर नववीला भूमिती शिकवत. नाकासमोर चालणारा माणूस. पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता की कुणाचा अर्धा गुण कापला नव्हता. एखादे पालक तावातावाने भेटायला आले, तर सर उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे सरकवायचे. "कुठे वाढवू, दाखवा." पालकांना ते दाखवता यायचं नाही. मग ते चहा न घेताच जायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी त्याच शाळेत होती. घरी तिला चिंगी म्हणत. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की तिने बाबांना 'सर' म्हणायचं, असा त्यांचा नियम होता. तो तिच्या जिभेवर इतका बसला होता, की कधीकधी घरीही "सर, मीठ द्या" असं निघून जायचं. आई हसून म्हणायची, "बघा, जेवायच्या वेळीही तास भरलाय."

चिंगी नववीत गेली आणि आईच्या पोटात गाठ निघाली. त्या वर्षी चिंगी सकाळी डबे भरायची, आईचे केस विंचरायची, कुठली गोळी कधी द्यायची ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायची, आणि मग धावतपळत शाळा गाठायची. अभ्यासाचं काय होणार ते दिसतच होतं. बाकीच्या विषयांत ती घसरत घसरत पन्नास-साठावर येऊन थांबली. भूमिती पार बुडाली.

वार्षिक परीक्षेतला भूमितीचा पेपर आणि आईचं ऑपरेशन एकाच सकाळी आलं. दोन्ही नऊ वाजता. दवाखान्यात मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, थांबणार होती.

"मीही थांबते," चिंगी म्हणाली.

"तू तिथे बसून काय करणार? डॉक्टर त्यांचं काम करतील, आपण आपलं करायचं."

सर स्वतः शाळेत जाणारच होते. पेपर त्यांचा, पर्यवेक्षणही त्यांचंच. तीन तास ते बाकांच्या रांगांमधून फिरत राहिले. चिंगीपाशी दोनदा आले. कागदावर एक वर्तुळ होतं, अगदी नीट काढलेलं, आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं. ती कंपास हातात धरून दाराकडे बघत होती. दवाखान्यातून निरोप आलाच तर त्याच दारातून येणार होता. सर पुढच्या बाकाकडे वळले.

ऑपरेशन पार पडलं. पेपर तपासताना सरांनी तिची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात होती तिथेच राहू दिली आणि तिची पाळी आल्यावर उघडली. वर्तुळाचे दोन गुण दिले. वर्षभराचे धरून शंभरात चोवीस झाले. एका विषयात नापास असलं तरी शाळा वरच्या वर्गात घालायची. गुणपत्रिकेवर त्या आकड्याखाली लाल रेघ तेवढी यायची.

अशा वेळी फेरपरीक्षेची सोय होती. घरात आजारपण असेल, तर विषयाच्या शिक्षकाने एक ओळ लिहून द्यायची, की या मुलाला पुन्हा बसवावं. सरांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी ती ओळ दोन-तीनदा लिहिलीही होती. आपल्या मुलीसाठी लिहायला हात धजेना. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात, असं त्यांना वाटे.

आई तोवर घरी आली होती. उशांना टेकून बसायची. एका दुपारी तिने सरांना जवळ बोलावलं.

"अहो, तिला परत बसू द्या ना. एक ओळ तर लिहायची."

"बघू."

"तुमचं 'बघू' म्हणजे 'नाही'. वीस वर्षांत एवढं तरी कळलंय मला."

फेरपरीक्षेची मुदत त्या आठवड्यात संपली. दोन महिन्यांनी आईला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं, आणि आणखी दोन महिन्यांनी ती गेली.

त्यानंतर घरात दोघंच उरली. चिंगी दहावीत अभ्यासाला अशी जुंपली की मावशीला काळजी वाटू लागली. "अगं, जरा हसत-खेळत जा." चिंगी मान डोलवायची आणि पुन्हा वहीत डोकं घालायची. दहावी, अकरावी, बारावी. तिन्ही वर्षं ती पहिल्या तिघांत होती. गणितात तर सगळ्यांच्या वर.

तिला इमारतींची चित्रं काढायचा नाद लागला होता. कशामुळे, ते तिने मावशीला सांगितलं होतं. दवाखान्यात आईची खाट अशी लावली होती, की खिडकी नेमकी डोक्यामागे यायची. शेवटचे दोन महिने आईने भिंत बघून काढले. "ज्याने ती खोली आखली," चिंगी म्हणाली, "तो खाटेवर एकदा आडवा झाला असता तर बरं झालं असतं."

वास्तुकलेचं एक नावाजलेलं कॉलेज होतं. साठ जागा आणि चार हजार अर्ज. तिथे नववीपासूनच्या चारही वर्षांच्या गुणपत्रिका मागत, आणि अर्जाच्या शेवटी एक चौकट होती: गुणांबद्दल काही सांगायचं असल्यास इथे लिहावं.

एका रविवारी सकाळी चिंगी जेवणाच्या टेबलावर अर्ज भरत बसली होती. सर वर्तमानपत्राआडून बघत होते.

"त्या चौकटीत काय लिहिलंस?"

"काही नाही."

"आईच्या आजारपणाचं लिही. खोटं थोडंच आहे?"

"नको, बाबा."

"अगं, चोवीस गुण बघून ते अर्ज बाजूला ठेवतील. कारण तर कळायला हवं त्यांना."

तिने टोपण पेनला लावलं. "रिकामी ठेवली तरी चालते, असं लिहिलंय," ती म्हणाली आणि कागद गोळा करून आत गेली.

सोमवारी सर मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले. स्वतःच्या मुलीचं काम घेऊन ते पहिल्यांदाच त्या दारात उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"नववीच्या भूमितीचं काही करता येईल का? आता परत बसवता आलं तर?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, तीन वर्षं झाली. आता त्या गुणांना मला हात लावता येत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "तेव्हा मी वाट बघत होते हो. तुम्ही एक ओळ लिहून दिली असतीत, तर डोळे मिटून सही केली असती. आम्ही सगळेच वाट बघत होतो."

सर जिना उतरून वर्गाकडे निघाले. ज्या लोकांच्या तोंडाला ते इतके भ्याले होते, ते लोक हे होते.

मग त्यांनी चिंगीला न सांगता कॉलेजला पत्र लिहिलं. पेपर, ऑपरेशन, फेरपरीक्षा, सगळं. 'दोष मुलीचा नाही, माझा आहे,' असं शेवटी लिहिलं. आठ दिवसांनी ते पत्र परत आलं. सोबत छापील चिठ्ठी: अर्जदाराच्या नातेवाइकांची पत्रं विचारात घेतली जात नाहीत. नियम होता. सरांनी तो दोनदा वाचला. त्यांनीही अगदी असाच नियम केला असता.

तरीही चिंगीला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिची चित्रं त्यांना आवडली होती. सर तिच्यासोबत गेले आणि बाहेरच्या लांब बाकावर बसून राहिले. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. बरी झाली म्हणाली. पंधरा दिवसांनी नकार आला.

त्या संध्याकाळी ती भांडी विसळत होती आणि सर पुसत होते.

"मुलाखतीत नववीचं विचारलं का गं?"

"विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्या वर्षी मला भूमिती आली नाही."

सरांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "खरं का नाही सांगितलंस?"

चिंगीने नळ बंद केला. "सांगितलं असतं, तर ते हळहळले असते. मग विचारलं असतं, फेरपरीक्षा का नाही दिलीस? शिक्षकांनी लिहून दिलं नाही का? कोण होते शिक्षक?" तिने हात कोरडे केले. "परक्या माणसांसमोर मला ते सांगायचं नव्हतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

ती शेवटी दुसऱ्या एका गावी नकाशे काढण्याचा दोन वर्षांचा कोर्स करायला गेली. तिथे नववीची गुणपत्रिका कुणी मागितली नाही. सर तिला बसस्टँडवर सोडायला गेले. बॅग टपावर चढली, तिकीट झालं, ड्रायव्हर चहा पीत होता. सर खिडकीखाली उभे राहिले.

"चिंगे, चुकलं माझं."

"मला माहितीय, बाबा," ती हळू म्हणाली. "पण हे आईला सांगायला हवं होतं. ती रोज विचारायची मला, लिहिलं का गं त्यांनी."

ही गोष्ट सरांना ठाऊक नव्हती. बस सुटली. तिने हात हलवला, त्यांनीही हलवला.

पुढे सरांनी आणखी सहा वर्षं नोकरी केली. फेरपरीक्षेच्या ओळी ते आता मागण्याआधीच लिहून देत. कुणाचा भाऊ आजारी, कुणाचे वडील परगावी. फार चौकशी करत नसत. सर म्हातारपणी मवाळ झाले, असं शिक्षकांच्या खोलीत बोलत. चिंगीचा दर रविवारी फोन येतो. ती एका ठेकेदाराकडे नकाशे काढते. दुसऱ्यांनी आखलेल्या खोल्या, दुसऱ्यांनी ठरवलेल्या खिडक्या. काम कसं चाललंय विचारलं तर "चाललंय" म्हणते. मग तब्येत, औषधं, मावशीची ख्यालीखुशाली. दहा मिनिटं बोलणं होतं, कधी बारा. त्या वर्षाबद्दल दोघंही बोलत नाहीत.