मिशीचं कार्ड

बसा, चहा येऊन राहिला. तवरिक एक किस्सा आयका, अन् शेवट आधीच सांगून दाखवा. जमलं त मी तुमचा चेला! नाही जमनार. मी सोता त्याच्यात होतो, तरी मले दोन दिवसांनं समजला.

माही नात गुड्डी तवा साडेतीन वर्साची. बोले नाही. आवाज देल्ला त पाहे नाही. पंखा फिरला का तासभर टक लावून बसे. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं आटिझम सांगतला. पोट्टीचं डोकं येगळ्या वाटेनं चालते, शिकवनं लवकर चालू करा म्हने. मंग शिकवनारी एक ताई दर सोमवारी आमच्या गावाले, करडीले, येऊ लागली. गुड्डीनं काय केलं, त्याच्या आधी काय झालं, मंग तिले काय भेटलं, सारं वहीत लिवे.

ताईनं फोटोचे कार्डं बनवले. मुरमुरे, पानी, झुला. गुड्डीनं कार्ड हातात द्याचं, आपन ती चीज द्याची. पन आपल्या मनानं पोट्टी एकबी कार्ड आने नाही. तीन महिने! सून रोज कार्डं पुसून ठेवे अन् वाट पाहे.

काहून आने नाही? ताईनं एक दिवस पकडलं. मुरमुरे माह्या खिशात! पोट्टीनं नुसतं खिशाकडं पाह्यलं का मी देऊन मोकळा.

"आबाजी," ताई म्हने, "मागायच्या आधीच मिळालं तर ती मागेल कशाला?"

घरात हुकूम सुटला. कार्डाबिगर कोनी काही द्याचं नाही. अन् ज्या दिवशी ती सोताहून कार्ड आनंन, त्या दिवशी ती चीज तिथल्या तिथं द्याची. उद्या म्हनाचं नाही. एकडाव फसवलं त पोट्टी मांगनंच सोडंन.

आता मी गप बसनारा मानूस आहो का? ताईची मजा पाहाव म्हनून मी माह्या जुन्या फोटोतली मिशी कापली. नाक नाही, डोळे नाही, नुसती मिशी. अन् मिशी बी कशी? शहापूरपर्यंत लोक वळखत! कार्डावर चिकटवली, बाकीच्या कार्डात सरकवून देल्ली. ताई पाहीन, हासंन, इतकंच.

शनिवारी मी शेजारच्या ओट्यावर पत्ते कुटून राहिलो होतो. सून पळतच आली. डोळ्याले पानी.

"मामाजी, चाला. गुड्डीनं कार्ड आनलं. आपल्या मनानं. माह्या हातात देल्लं."

"कायचं?"

तिनं कार्ड दाखवलं. माही मिशी!

घरी गेलो त गुड्डी धावत आली अन् माहं बोट धरलं. मले वाटलं, लय घाई आहे पोट्टीले मिशीची. माही बुढी त कैची घेऊनच उभी. चाळीस वर्सं तिची मस्करी केली मी, असा मोका तिनं सोडला असता?

"उद्या म्हनू नका," बुढी म्हने. "ताईनं सांगतलं ना?"

मी सुनेकडं पाह्यलं. ती कार्ड दोन्ही हातात धरून नुसती उभी होती. मंग मी म्हनलं, काप.

बुढीनं कैची चालवली, वरतून वस्तराबी फिरवला. मिशी कागदावर घेऊन गुड्डीच्या हातात देल्ली. तिनं ती पाह्यलीबी नाही, सोडून देल्ली. माह्या तोंडाकडं पाह्यलं, दोन पावलं मागं सरली. मंग आईपाशी गेली, तिच्या हातातलं कार्ड घेतलं अन् तेच पुन्हा तिच्या हातात देल्लं.

आता दुसरी मिशी मी कोठून आनू बाप्पा?

सोमवारी ताईनं सारं आयकलं. हासता हासता वहीच खाली पडली तिची.

"आबाजी, तिला मिशी नको होती. ते कार्ड म्हणजे तुम्ही. ती तुम्हाला बोलवत होती. तुम्ही आलात, तिथंच तिला मिळालं होतं."

मी! पोट्टीनं जिंदगीत पयल्यांदा काही मांगतलं, अन् ते मी! अन् मी काय देल्लं? केसं.

तवापासून गुड्डी कार्डं आनाले लागली. मुरमुऱ्याचं, पान्याचं, झुल्याचं. अन् रोज संध्याकाळी एक मिशीचं. मी समोर बसलेला, अन् पोट्टी मले टाळून आईले कार्ड देते, म्हनजे आबा आनून दे! मिशी पुरी उगवेपर्यंत, दोन महिने, माह्या मांडीवर बसली नाही.