एक प्रकारचा मासा

आमच्या दादाला माशांची पन्नासेक संस्कृत नावं तोंडपाठ आहेत आणि बर्फावर ठेवलेला एक मासा धड ओळखता येत नाही. मासळीच्या दुकानात वाढलेल्या माणसाबद्दल हे सांगताना मला आजही कपाळाला हात लावावासा वाटतो. दुकान मी चालवते. मी धाकटी. दादा संस्कृत शिकला आणि शब्दकोशाच्या कचेरीत चिकटला. तिथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या बाहीचा वास घेतला आणि त्याचं नाव मत्स्यगंध पडलं. पुराणातल्या मत्स्यगंधेला निदान एक ऋषी भेटला, त्यानं तिच्या अंगाच्या वासाचा सुगंध करून दिला. दादाला साबणावर भागवावं लागलं.

कचेरीत सगळे मासे त्याच्याच वाट्याला आले. एका कार्डावर एक शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो अर्थ कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत. जे पानावर नाही ते लिहायचं नाही, असा तिथला नियम. दादानं तो घरीही लागू केला. बाहेर ऊन आहे का विचारलं, तरी खिडकीशी जाऊन बघितल्याशिवाय उत्तर नाही. अशा माणसाबरोबर राहून बघा.

तर या कार्डांवर त्याला काय सापडलं? शफरी: एक प्रकारचा मासा. शकुल: एक प्रकारचा मासा. पाठीन: एक प्रकारचा मासा. असे त्रेचाळीस. आधीच्या सगळ्या कोशकारांनी एकमेकांचं बघून हेच लिहून ठेवलेलं. दादानं ते कौतुकानं अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाचून दाखवलं.

"एक प्रकारचा?" अण्णा भडकले. "गिऱ्हाईकानं विचारलं हा कुठला मासा, तर मी असं सांगू? दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागेल. इतकी वर्षं शिकून हेच लिहितोस होय?"

ते दादाच्या जिव्हारी लागलं. त्रेचाळीस शब्दांपुढे खरा मासा लिहीन, तरच नावाचा मी, असं त्यानं ठरवलं. आणि माझ्या डोक्याला अकरा वर्षांचा ताप झाला.

दर रविवारी, ऐन गर्दीत, हा माणूस कार्डं घेऊन गल्ल्याशी उभा. गिऱ्हाईकानं निवडलेला मासा उचलायचा, कल्ले उघडून बघायचे, पर मोजायचे. एकदा तर एका बाईंचा मासा हातात धरून त्यांना मनूची गोष्ट सांगत बसला. इवलासा मासा मनूकडे आसरा मागतो, घागरीत मावेना म्हणून खड्ड्यात, खड्ड्यात मावेना म्हणून समुद्रात, मग प्रलय येतो आणि त्याच माशाच्या शिंगाला मनू आपली नाव बांधतो.

"बरं, शिंग असेल तर काढून द्या," त्या मला म्हणाल्या, "पण लवकर."

तीन वर्षांपूर्वी अण्णांची दृष्टी गेली. सुरा मी काढून घेतला, तेव्हा ते लहान मुलासारखे रुसले. पण बोटं शाबूत होती, आणि मग दादाची कार्डं घेऊन बाप-लेक मागच्या खोलीत बसू लागले. मी चिडायची, कारण ताज्या मालातले चांगले मासे तिकडेच जायचे.

एकदा दादा म्हणाला, "अण्णा, पाठीनाला जुने लोक हजार दातांचा म्हणतात. असा मासा असतो?"

"मोजले कुणी?" अण्णा म्हणाले. मग जरा थांबून मला हाक मारली. "तो मिशावाला घेऊन ये. मोठ्या तोंडाचा. खवले नसलेला."

मी नेला. अण्णांनी दादाचं बोट धरून माशाच्या जबड्यात घातलं. "बघ. दात वेगळे लागतात का? कानशीसारखा खरखरीत पट्टा आहे. ज्यानं हजार म्हटलंय ना, त्यानं तोंडात बोट घातलं होतं. तुझ्या कोशवाल्यांनी नाही."

दादाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. त्यानं कार्डावर सगळं लिहिलं. आधार या रकान्यात लिहिलं, "वडील, मासळीविक्रेते, हाताने तपासून." वर्षभरात त्रेचाळीस कार्डं झाली. अण्णा रोज विचारायचे, छापलं का? घरी येणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचे, माझं पुस्तकात येणार आहे.

छपाईला महिना उरला असताना संपादक बाईंनी त्रेचाळीसही कार्डं परत केली. त्या वाईट नव्हत्या. छापील आधाराशिवाय घेता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दादा तीन वेळा जाऊन भांडला. आमचा दादा, जो रिक्षावाल्याशीही भांडत नाही! काही उपयोग झाला नाही. घरी आला, तेव्हा गठ्ठा शर्टाच्या आत लपवलेला होता.

"काय म्हणाल्या बाई?" अण्णांनी पलंगावरून विचारलं.

"घेतलं," दादा म्हणाला.

मला असा राग आला म्हणून सांगू! जन्मात एकदा खोटं बोलायचं, तेही असलं, की कोशाचा छापील खंड घरी आला आणि कुणी वाचून दाखवला की उघडं पडणार. मी त्याला स्वयंपाकघरात गाठून वाट्टेल ते बोलले. तो नुसता नळाखाली हात धूत राहिला.

खंड आला तो सकाळीच. अण्णांनी तो मांडीवर घेतला, वजन केल्यासारखा उचलून बघितला. "पाठीन काढ," म्हणाले.

दादानं पान काढलं. मी त्याच्या खांद्यामागे उभी होते. पाठीन, आणि पुढे तीन शब्द: एक प्रकारचा मासा. एवढंच.

दादानं ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागला. "पाठीन. मोठ्या तोंडाचा, मिशांचा, खवले नसलेला मासा. जबड्यात कानशीसारखा खरखरीत पट्टा, त्यावरून हजार दातांचा हे नाव. आधार: वडील, मासळीविक्रेते, हाताने तपासून."

एकदाही अडखळला नाही. त्याचं बोट त्या तीन शब्दांवरून इकडून तिकडे फिरत होतं.

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"आता पुढचा वाच," ते म्हणाले.

त्रेचाळीस मासे होते. बाहेर बर्फाची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. मी दार लावून घेतलं आणि दादाशेजारी बसले.